सायकल म्हणजे अर्धी मोटार? पाथर्डीच्या रस्त्यावरून एककांची गोष्ट

संशोधनाच्या तयारीला लागलेले बरेच जण विचारतात, "एखाद्या अभ्यासाची समीक्षा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? चुका शोधायच्या का?" चुका नंतर. आधी बघायचं की मोजलंय काय. उदाहरण म्हणून आपल्या रोजच्या पायाखालचा रस्ता घेऊ : नगरहून करंजी घाट, तिसगाव, पाथर्डी करत पुढे मराठवाड्यात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ६१. याचा जुना क्रमांक २२२. लोक अजून कल्याण–विशाखापट्टणम रस्ताच म्हणतात.

इथे बारा महिने लांब पल्ल्याचे ट्रक असतात. गळीत हंगाम सुरू झाला की उसाची वाहतूक वाढते. तालुक्यातच आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. आणि याच रस्त्याच्या कडेने शाळेची पोरं, दूधवाले, मजूर सायकलवर जातात. रस्ता सुधारा ही मागणी जुनी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नगर–पाथर्डीसह जिल्ह्यातल्या महामार्गांच्या रखडलेल्या कामांसाठी पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके उपोषणाला बसले होते. खड्ड्यांनी माणसं मरतात, तेव्हा मागणीबद्दल वाद नाहीच. प्रश्न पुढचा आहे : रस्ता 'सुधारला' हे कशावरून ठरवायचं?

पहिलं माप क्षमतेचं. ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची १९९० ची ६४ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. तिच्यात सगळी वाहनं 'पॅसेंजर कार युनिट'मध्ये बदलतात. कार १, ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५, बैलगाडी ८ आणि सायकल ०.५. आता हे एकक काय मोजतं? वाहनामुळे रस्ता किती अडतो आणि मागच्याचा किती खोळंबा होतो, एवढंच. बैलगाडीला ८ मिळाले कारण तिच्यामागे रांग लागते. क्षमतेपुरतं हे ठीक आहे. पण या कोष्टकात सायकलवाला म्हणजे अर्धा अडथळा. त्याला स्वतःला किती धोका आहे, हे या आकड्यात कुठेच येत नाही.

दुसरं माप डांबराच्या जाडीचं. त्यासाठीची ३७ क्रमांकाची मार्गदर्शिका फक्त ३ टन आणि त्यावरची व्यावसायिक वाहनं मोजते. सायकलने रस्ता खचत नाही, म्हणून तिची किंमत शून्य. हेही बरोबरच आहे! दोन्ही गणितं आपापल्या जागी चोख. चूक होते ती या दोघांची बेरीज म्हणजे 'सुधारणा' असं मानल्यावर.

आता गंमत बघा. रस्त्याच्या नुकसानीचा प्रसिद्ध 'चौथ्या घाताचा नियम' १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये झालेल्या चाचणीतून आला. एका आसावरचा भार वाढला की नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. २०१८ मध्ये आपल्याकडे चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार वाढला सुमारे १३ टक्के. नियमाप्रमाणे नुकसान वाढतं सुमारे ६२ टक्के. हे गणित अभियंते करतात, करायलाच हवं.

पण चौथा घात आणखी एका ठिकाणी आहे. स्वीडनच्या नील्सन यांच्या प्रारूपानुसार रस्त्यावरचा सरासरी वेग वाढला की प्राणघातक अपघात साधारण वेगाच्या चौथ्या घाताने वाढतात. समजा, गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर सरासरी वेग ५० वरून ६० वर गेला, तर १.२ चा चौथा घात म्हणजे जवळपास दुप्पट. अर्थात हा आकडा डोळे झाकून पाथर्डीला लावायचा नाही. तो सगळ्या वाहतुकीचा आहे, एकट्या सायकलवाल्यांचा नाही. शिवाय खड्डे बुजले, वळणं सरळ झाली की काही अपघात कमीही होतात. माझं म्हणणं एवढंच : भाराचा चौथा घात काढून डांबर जाड करायचं आणि वेगाचा चौथा घात काढायचाच नाही, याला पूर्ण अभ्यास म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट मोजणीची. सायकल मार्गांबद्दलची १९६२ ची मार्गदर्शिका सांगायची की तासाला २०० पेक्षा जास्त मोटारगाड्या असतील, तर गर्दीच्या तासाला १०० सायकली असल्या तरी वेगळा मार्ग करावा. सायकलींसाठी निकष आहे ही चांगलीच गोष्ट. पण मोजणी होते ती जे आज सायकल काढतात त्यांचीच. ट्रकच्या भीतीने ज्या घरातून पोरीला सायकल दिलीच जात नाही, ते घर मोजणीत येत नाही. प्रवासी दिसत नाहीत म्हणून एसटी थांबत नाही, आणि एसटी थांबत नाही म्हणून प्रवासी उभे राहत नाहीत, तसंच हे.

मोजणी कधी केली हेही विचारा. १९७२ ची ९ क्रमांकाची मार्गदर्शिका वर्षातून दोनदा सात-सात दिवस मोजायला सांगते : एकदा सुगीच्या हंगामात, एकदा मंदीत. पाथर्डीत याला विशेष अर्थ आहे. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दिसतात, पण तालुक्यातली हजारो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर गेलेली असतात. कुठल्याही एका आठवड्यात हा रस्ता पूर्ण दिसत नाही. आणि चोवीस तासांची सरासरी काढली की शाळा सुटल्यानंतरची ती अर्धी तासाची गर्दी त्यात विरघळून जाते.

कोणी म्हणेल, साइडपट्टी पक्की केली की झालं. बरंचसं होईल, सगळं नाही. मागच्या ट्रकला वाट द्यायला उसाचा ट्रॅक्टर साइडपट्टीवरच सरकतो, मग सायकल जाते मुरमात. त्यात डांबराचा नवा थर टाकून कडेचा मुरूम भरला नाही, तर तिथे पायरीच तयार होते.

म्हणून पक्क्या साइडपट्टीबरोबर चार गोष्टी मोजायला हव्यात : गावाजवळ आणि शाळेसमोर ट्रकचा खरा वेग, ओव्हरटेक करताना सायकल आणि ट्रक यांच्यात राहिलेलं अंतर, डांबर आणि साइडपट्टी यांच्या उंचीतला फरक, आणि रात्री किती ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर आहेत. याला फार खर्च लागत नाही. मोजपट्टी, मोबाईलचा कॅमेरा आणि दोन हंगाम थांबायची तयारी पुरते.

कुठलाही अहवाल हातात आला की शेवटच्या शिफारशीकडे धावू नका. आधी प्रत्येक आकड्याचं एकक बघा आणि विचारा : या एककात कोण मावतं आणि कोण बाहेर राहतं? तिसगावजवळ साइडपट्टीवर पाय टेकवून ट्रक जायची वाट बघणारा पोरगा कोष्टकात ०.५ आहे. समीक्षा तिथून सुरू होते.