हेर, भिक्षु आणि संशय

हेरगिरीबद्दल शिक्षा झालेल्या मनुष्याच्या आत्मवृत्तावर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न मामोरु शिनोझाकी यांचें ‘स्योनान : माय स्टोरी’ हें १९७५ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी पुस्तक वाचतांना आम्हांस वारंवार पडला. विषय दूरचा खरा. पण बार्शीकरांस तो अगदींच परका नाहीं. आमच्या पेठेंतील कापूस मुंबईस जाई, आणि १८९३ पासून टाटा व निप्पॉन युसेन कैशा यांनीं सुरू केलेल्या आगबोटींच्या मार्गानें मुंबईचा कापूस कोबे बंदरीं पोंचे. ज्या जपान्यास गिऱ्हाईक म्हणून मान दिला, त्याच्यावरच पुढें इंग्रज सरकारची पाळत बसली.

शिनोझाकी हे सिंगापूरच्या जपानी वकिलातींत वृत्तपत्रांशीं संबंध ठेवणारे अधिकारी होते. त्या बंदरांत छायाचित्रकार, न्हावी, मच्छीमार अशा साध्या धंद्यांतील जपान्यांवरही हेरगिरीचा संशय घेतला जाई. १९४० च्या सप्टेंबरांत शिनोझाकी यांस अटक झाली. खटला चालून साडेतीन वर्षांची सक्तमजुरी झाली. पण १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलेंच. हेर तुरुंगांत होता आणि शत्रूचें सैन्य मलायांतून चालून आलें.

ग्रंथाचा भर सुटकेनंतरच्या कार्यावर आहे. जपानी सैन्यानें हजारों चिनी नागरिकांची कत्तल चालविली असतां शिनोझाकी यांनीं संरक्षणपत्रें देऊन अनेकांस वांचविलें. हा भाग मनास भिडतो. परंतु लेखकाच्या मनांतील हिशेब आम्हांस मान्य नाहीं. नंतरच्या पुण्यानें आधींचा आरोप पुसला जात नाहीं, आणि आरोपामुळें पुण्यही खोटें ठरत नाहीं. वाचकानें दोन्ही गोष्टी एकाच वेळीं ध्यानांत ठेवाव्या, हेंच न्याय्य.

येथें सेवाग्रामची आठवण होते. तेथील आश्रमांत एक जपानी बौद्ध भिक्षु राहत असे. जपाननें युद्ध पुकारतांच सरकारनें त्यास नेलें. १९४२ च्या जुलैंत गांधीजींनीं जपानी जनतेस उद्देशून लिहिलेल्या पत्रांत त्याच्या कर्तव्यनिष्ठेचें व हसतमुख स्वभावाचें प्रेमानें वर्णन आहे. आरोपाचा वा खटल्याचा तेथें उल्लेख नाहीं. त्याची प्रार्थना आणि लहानसा डमरू तेवढा मागें राहिला, आणि त्याच्या नादानें आश्रमाची प्रार्थना सुरू होत राहिली.

सिंगापूरच्या अधिकाऱ्यास निदान आरोप कळला आणि न्यायासनापुढें उभें राहतां आलें. सेवाग्रामच्या भिक्षूस केवळ त्याचें राष्ट्र भोंवलें. राज्यास सावध राहावेंच लागतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पुराव्यावांचूनचा संशय हेर आणि भिक्षु यांत भेद करूं शकत नाहीं. शिनोझाकी यांचें पुस्तक अवश्य वाचावें. मात्र तें मिटल्यावर, ज्यानें आपली कहाणी लिहिलीच नाहीं त्या डमरूवाल्याचेंही स्मरण करावें.