पावलॉव्हचा कुत्रा आणि गाइडातली घंटा

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘अध्ययनाच्या उपपत्ती’ हे प्रकरण असते. शिक्षक पात्रता परीक्षेसाठी बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गाइडांत ते एका तक्त्यात मावते : पावलॉव्ह – कुत्रा, थॉर्नडाइक – मांजर, स्किनर – उंदीर व कबूतर, कोहलर – चिंपांझी, बांडुरा – बाहुली. जोड्या लावायला तक्ता पुरेसा आहे. पण हेच प्रकरण वाचून शिक्षक वर्गात उभा राहतो. मूल कसे शिकते, शिक्षेने काय होते, याविषयीच्या त्याच्या कल्पनांना शास्त्राचा शिक्का मिळतो तो येथेच. म्हणून या प्रकरणाचे थोडे परीक्षण करणे आम्हाला आवश्यक वाटते. कोणा एका पुस्तकाचे नाव घेण्याचे कारण नाही.

प्रथम पावलॉव्ह. घंटा वाजवली, अन्न दिले, असे अनेक वेळा केले आणि मग नुसत्या घंटेने कुत्र्याला लाळ सुटली, इतकी हकिकत सगळीकडे असते. पावलॉव्ह हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. प्रयोगात त्यांनी मेट्रोनोमची टिकटिक, दिवा, त्वचेला स्पर्श असे नाना संकेत वापरले. घंटेचा आग्रह त्यांच्यापेक्षा पुस्तकांनाच जास्त! या प्रतिक्रियेला त्यांनी जो रशियन शब्द वापरला त्याचा अर्थ ‘सशर्त’ असा होतो. इंग्रजी भाषांतरात त्याचे ‘घडवलेली’ झाले आणि मराठीत आपण ‘अभिसंधित’ म्हणू लागलो. शर्त कोणती, हा प्रश्न मागे पडला.

गाइडाच्या मते शर्त एकच : दोन गोष्टी पुन्हापुन्हा एकत्र येणे. हे पुरेसे नाही, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. १९६८ साली रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी उंदरांच्या काही गटांना आवाज ऐकवून विजेचे सौम्य झटके दिले. एका गटाला झटका फक्त आवाजाबरोबरच बसे. दुसऱ्या गटाला आवाजाबरोबर तितकेच झटके बसत, पण आवाज नसतानाही झटका बसण्याची शक्यता तेवढीच ठेवली होती. म्हणजे आवाज आणि झटका एकत्र येण्याची संख्या दोन्हीकडे सारखीच. पहिल्या गटातले उंदीर आवाजाला घाबरू लागले. दुसऱ्या गटात अशी भीती निर्माण झाली नाही. आवाजावरून झटक्याचा अंदाज बांधता येत नसेल, तर उंदीर त्या आवाजाची दखल कशाला घेईल?

त्याच सुमारास लिऑन केमिन यांनी आणखी एक गंमत दाखवली. उंदराला आधी ‘आवाज म्हणजे झटका’ हे पक्के शिकवले. नंतर आवाज आणि प्रकाश दोन्ही एकदम देऊन झटके दिले. शेवटी नुसता प्रकाश दाखवला, तर उंदीर जवळजवळ घाबरलाच नाही. प्रकाश आणि झटका अनेकदा एकत्र आले होते, परंतु प्रकाशाने नवे काही सांगितले नव्हते. पाठांतराने सगळे साधते असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग सावकाश वाचावा. (पाठांतराला आमचा सरसकट विरोध नाही. पाढे पाठ हवेतच.)

या प्रकरणात हमखास येणारे उदाहरण म्हणजे ‘शाळा सुटल्याची घंटा झाली की मुले दप्तर आवरतात’. हे अभिजात अभिसंधानाचे उदाहरणच नव्हे. लाळ आपोआप सुटते, दप्तर आपोआप आवरले जात नाही. दप्तर आवरले की घरी जाता येते, म्हणून मुले ते आवरतात; तेव्हा हे स्किनर यांच्या साधक अभिसंधानात बसते आणि घंटा हा तेथे केवळ ‘आता चालेल’ असा इशारा असतो. शिवाय शिपाई घंटेकडे निघालेला खिडकीतून दिसला की चुळबुळ सुरू होते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. आधी येणारा इशारा पकडण्याची ही धडपड गाइडाच्या व्याख्येत कुठेच येत नाही.

साधक अभिसंधानाच्या पानावरची चूक अधिक महाग पडते. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असे काही ठिकाणी सरळ छापलेले असते. वास्तविक दोहोंचे परिणाम उलट आहेत. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे एखादे वर्तन वाढते, ते ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन कमी होते, निदान त्या वेळेपुरते. वर्ग गोंगाट करतो, शिक्षक ओरडतात, वर्ग शांत होतो. येथे मुलांना शिक्षा झाली खरी, पण ऋण प्रबलन झाले ते शिक्षकाचे : गोंगाट थांबल्यामुळे त्यांची ओरडण्याची सवय पक्की झाली. हा फरक कळला तर शिक्षकाला मुलांइतकेच स्वतःचे वर्तनही तपासता येते.

आता निरीक्षणातून शिकणे. ‘मुले पाहून शिकतात’ या एका वाक्यावर हा भाग उरकलेला असतो. पण पाहिले म्हणजे काय पाहिले? इंग्लंडमध्ये दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे फोडून साय खाणारे टिट पक्षी प्रसिद्ध आहेत. १९२१ मध्ये प्रथम नोंदलेली ही सवय पुढे दूरवर पसरली आणि पक्षी एकमेकांची नक्कल करतात असे लिहिले जाऊ लागले. १९८४ साली शेरी आणि गेलेफ यांनी याच पक्ष्यांच्या अमेरिकी भाईबंदांवर, चिकडींवर, प्रयोग करून दाखवले की सायीची आयती उघडी डबी मिळाली तरीही पक्षी ही युक्ती शिकू शकतात. कोणी उघडताना दिसलेच पाहिजे असे नाही. याउलट कुक आणि मिनेका यांच्या १९८९ च्या प्रयोगात प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांनी दुसरे माकड घाबरल्याची चित्रफीत पाहिली. ते खेळण्यातल्या सापाला घाबरते असे दिसले तेव्हा पाहणारी माकडे सापाला घाबरू लागली. तेच माकड फुलांना घाबरते असे दाखवले, तेव्हा ती फुलांना घाबरली नाहीत. पाहून काहीही शिकता येते असे नाही.

बांडुरा यांचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग सर्वांना माहीत असतो. मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला बडवले, मुलांनीही तेच केले. बाहुलीपाशी नेण्यापूर्वी मुलांना छान खेळणी दाखवून ती काढून घेतली होती, म्हणजे मुद्दाम चिडवले होते, हे मात्र गाळले जाते. त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे त्यांचा १९६५ चा प्रयोग पुष्कळदा वगळला जातो. त्यात तीन गटांना चित्रपट दाखवला. एकात बडवणाऱ्याला बक्षीस मिळाले, दुसऱ्यात शिक्षा झाली, तिसऱ्यात काहीच झाले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल सर्वांत कमी केली. गाइड येथेच थांबते आणि ‘एकाला शिक्षा केली की बाकीचे धडा घेतात’ असा निष्कर्ष काढायला शिक्षक मोकळा होतो. बांडुरा मात्र थांबले नाहीत. जे पाहिले ते करून दाखवाल तर फळांचा रस आणि चित्रे देऊ, असे त्यांनी मुलांना सांगितले. तिन्ही गटांतला फरक नाहीसा झाला. शिक्षा पाहणाऱ्या मुलांनीही बडवणे तेवढेच शिकून घेतले होते. ती फक्त करून दाखवत नव्हती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोहोंनाही मनाई केली आहे. ही मनाई अनेक शिक्षकांना वरून लादलेली वाटते, कारण त्यामागचे पुरावे त्यांना शिकवलेच गेलेले नाहीत. पुढच्या आवृत्तीत बाहुलीची जोडी लावण्याऐवजी परीक्षकांनी चार गुणांचा एक प्रश्न घालावा : ‘मुलाने एखादी गोष्ट न करणे आणि ती न शिकणे यांतील फरक १९६५ च्या प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करा.’