बुडालेले जहाज आणि फुटलेला उपग्रह

अंतराळाच्या लष्करी वापरावर लिहिणाऱ्यांमध्ये एव्हरेट डोलमन यांच्या ‘ॲस्ट्रोपॉलिटिक’ (२००२) या पुस्तकाची चर्चा बरीच झाली आहे. पृथ्वीलगतच्या कक्षा ज्याच्या ताब्यात, त्याचाच पृथ्वीवर वरचष्मा राहणार. म्हणून अमेरिकेने १९६७ च्या अंतराळ कराराबाहेर पडून हा ताबा घ्यावा, असे ते सुचवतात. या विचाराला आधार आहे तो मॅकिंडर यांच्या भूराजनीतीचा आणि मॅहन यांच्या सागरी सत्तेच्या सिद्धान्ताचा.

पुस्तकाची एक बाजू आम्हाला मोलाची वाटते. अंतराळ म्हणजे मोकळे मैदान नव्हे, हे डोलमन नीट पटवून देतात. इंधन मोजकेच असल्याने यानाला मनाला येईल तसे वळता येत नाही. ठरावीक मार्गांनीच जावे लागते. समुद्रावर सामुद्रधुन्यांना जे महत्त्व, तेच येथे या मार्गांना. केप्लरचे नियम शिकवताना हा भाग शिक्षकांना उपयोगी पडेल.

पण समुद्राची ही उपमा एका ठिकाणी फसते. जहाज बुडाले की तळाशी जाते आणि वाट पुन्हा मोकळी होते. फुटलेला उपग्रह बुडत नाही. त्याचे तुकडे सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरत राहतात. अतिविरळ हवेच्या विरोधामुळे ते हळूहळू खाली येतात. पण उंची ८०० किलोमीटर असेल तर त्याला अनेक दशके लागतात.

जानेवारी २००७ मध्ये चीनने सुमारे ८६० किलोमीटर उंचीवर स्वतःचाच जुना हवामान उपग्रह फोडला. त्याच्या तीन हजारांहून अधिक तुकड्यांची नोंद झाली. त्यांतले बरेच आजही फिरत आहेत. मार्च २०१९ मध्ये भारताने चाचणीसाठी सुमारे ३०० किलोमीटर ही कमी उंची निवडली, तरी काही तुकडे वर फेकले गेलेच. नोव्हेंबर २०२१ मधील रशियाच्या चाचणीनंतर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील सात जणांना परतीच्या यानांत आश्रय घ्यावा लागला. त्यांत दोघे रशियाचेच होते.

या नुसत्या चाचण्या होत्या. प्रत्यक्ष लढाईत जी वाट जिंकायची, तीच बंद होईल. आधी ताबा घेणाऱ्याला लढावेच लागणार नाही, असा बचाव करता येईल. तो आम्हाला पटत नाही. ज्याचे उपग्रह थोडे, त्याला कक्षा नासल्याची झळही थोडी. अशा प्रतिस्पर्ध्याला धाक कसला दाखवणार?

पुस्तक जरूर वाचावे. मात्र त्यावर वर्गात बोलताना विद्यार्थ्यांना आधी एवढेच विचारावे : बुडालेले जहाज कोठे जाते, आणि फुटलेला उपग्रह कोठे?