वित्तक्षेत्रातील व्यावसायिक अभ्यासासाठी शिफारस होणारे ग्रंथ व साधने : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : तारोडी, मीरा-भाईंदर)

प्रस्तावना :
मराठीत अर्थविषयक लेखनाची परंपरा जुनी आहे. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ मध्ये प्रसिद्ध झाले. असे असूनही सनदी लेखापाल, वित्त विश्लेषक किंवा म्युच्युअल फंड वितरक होऊ इच्छिणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या हाती आज जी ग्रंथसूची पडते, ती जवळजवळ संपूर्णपणे इंग्रजी असते. डोंगरी-उत्तन पट्ट्यातील तारोडीसारख्या गावातील विद्यार्थी बसने भाईंदर स्थानक गाठतो आणि तेथून लोकलने मुंबईला पोहोचतो. हे अंतर रोजच्या सवयीने सुसह्य होते. बारावीचे पाठ्यपुस्तक आणि व्यावसायिक परीक्षेचा ग्रंथ यांतील अंतर मात्र त्याला एकट्यालाच कापावे लागते. प्रचलित शिफारशींची चिकित्सा या दृष्टीने करणे आवश्यक ठरते.

क्रमाचा अभाव :
बहुतेक सूचींमध्ये आय. एम. पांडे व प्रसन्न चंद्र यांचे वित्तीय व्यवस्थापनावरील ग्रंथ, बेंजामिन ग्रॅहम यांचा ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ (१९४९) आणि जॉन हल यांचा डेरिव्हेटिव्हजवरील ग्रंथ एकाच रांगेत मांडलेले आढळतात. वस्तुतः त्यांची प्रयोजने भिन्न आहेत. पहिले दोन क्रमिक अध्ययनाचे आहेत. ग्रॅहम गुंतवणूकदाराची विवेकबुद्धी घडवतात, परंतु त्यांची उदाहरणे अमेरिकी बाजारातील आहेत. हल यांच्या ग्रंथासाठी संभाव्यता व कलनशास्त्राची तयारी लागते. कनिष्ठ महाविद्यालयात गणिताऐवजी चिटणीसाची कार्यपद्धती हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला तो ग्रंथ प्रारंभीच सुचवणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास खोल पाण्यात उतरवणे होय. ‘रिच डॅड पुअर डॅड’सारखी पुस्तके मराठीत सहज मिळतात व आवडीने वाचली जातात. ती पैशाविषयीची वृत्ती बदलू शकतील, परंतु त्यांतून रोकडप्रवाह पत्रक तयार करता येत नाही.

आवृत्तीचा प्रश्न :
जुने पुस्तक स्वस्त मिळते म्हणून ते सर्वत्र उपयुक्त ठरत नाही. पैशाचे वर्तमान मूल्य काढण्याची रीत दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीतूनही शिकता येते. कायदा व करविषयक पुस्तकांची गोष्ट निराळी आहे. १९५६ च्या कंपनी कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये संमत झाली. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख निश्चित करण्यात आली. त्यामुळे प्रकाशनवर्ष न देणारी सूची विद्यार्थ्याची दिशाभूल करते. ग्रंथालयांनाही हीच कसोटी लागू पडते.

परिभाषेची दरी :
बारावीपर्यंत विद्यार्थी ताळेबंद, घसारा, धनको, ऋणको या शब्दांत विचार करतो. सनदी लेखापालांच्या संस्थेची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते, मराठीतून नाही. परिणामी संकल्पना ठाऊक असूनही प्रश्न कळत नाही, आणि विद्यार्थी आपली बुद्धीच अपुरी आहे असा चुकीचा निष्कर्ष काढतो. हीच या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची वाणिज्य शाखेची मराठी पुस्तके ही दरी काही अंशी भरून काढू शकतात. तथापि, शिफारशींमध्ये त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

विनामूल्य साधने :
खर्चिक शिकवणीवर्गांच्या टिपणांना जे महत्त्व मिळते, ते अधिकृत साधनांना मिळत नाही. सनदी लेखापालांच्या संस्थेचे अभ्याससाहित्य संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था आपल्या प्रमाणपत्र परीक्षांसाठी कार्यपुस्तिका तयार करते. याहून दुर्लक्षित साधन म्हणजे कंपन्यांचे वार्षिक अहवाल. सूचीबद्ध कंपन्यांचे अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात. एकाच कंपनीचे सलग तीन वर्षांचे ताळेबंद, त्यांवरील टिपा आणि लेखापरीक्षकांचा अहवाल वर्गात वाचल्यास पाठ्यपुस्तकातील गुणोत्तरांना अर्थ प्राप्त होतो. टिपणे परीक्षेपुरती उपयोगी पडतात. व्यवसायात मात्र अहवालच वाचावा लागतो.

निष्कर्ष :
ग्रंथांची संख्या वाढवल्याने सूची समृद्ध होत नाही. प्रत्येक ग्रंथाबरोबर त्याची पायरी, आवश्यक पूर्वज्ञान व आवृत्तीचे वर्ष नोंदवावे. प्रथम मराठी-इंग्रजी परिभाषा, नंतर एक क्रमिक ग्रंथ, त्याच्या जोडीला वार्षिक अहवाल आणि शेवटी विशेष ग्रंथ असा क्रम ठेवावा. पहिल्या सत्रात पन्नास-साठ संज्ञांची द्विभाषिक तालिका तयार करणे कोणत्याही वाणिज्य विभागास अशक्य नाही. ग्रंथसूची देणे हे अध्यापनाचेच कार्य आहे. ते निष्काळजीपणे झाले, तर त्याची किंमत ज्याच्याजवळ वेळ व पैसा दोन्ही कमी आहेत, त्याच विद्यार्थ्याला मोजावी लागते.