‘डोळ्यांवर क्वचित दुष्परिणाम’ : एका शब्दयोजनेची चिकित्सा

संधिवातावरील जैविक औषधांविषयी लिहिताना ‘डोळ्यांवर क्वचित दुष्परिणाम संभवतात’ अशा धाटणीचे वाक्य सहज लिहिले जाते. वाक्य खोटे नाही. परंतु त्यातील एकेक पद रुग्णास जे कळावयास हवे तेच झाकून टाकते.

प्रथम ‘दुष्परिणाम’. हे पद कार्यकारणभाव गृहीत धरते. वस्तुतः अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससारख्या विकारात डोळ्याच्या मधल्या पटलाचा दाह, म्हणजे युव्हिआयटिस, हा मूळ रोगाचाच आविष्कार असू शकतो. औषध चालू असता तो उद्भवला, तर दोष रोगाचा की औषधाचा? 1998 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इटानरसेप्टच्या बाबतीत असा दाह नव्याने उद्भवल्याच्या नोंदी तुलनेने अधिक आहेत. उलट अडॅलिम्युमॅबला 2016 मध्ये याच दाहाच्या जंतुसंसर्गाविना होणाऱ्या प्रकारांवरील उपचार म्हणून मान्यता मिळाली. दोन्ही औषधे टीएनएफ या एकाच प्रथिनास अडवितात. भेद त्यांच्या नावांतच आहे : ‘सेप्ट’ हा अंत्यघटक ग्राहक-रेणूचा, ‘मॅब’ प्रतिपिंडाचा. (2021 पासून नव्या प्रतिपिंडांना ‘मॅब’ लावणे बंद झाले, हे प्रत्ययांच्या अभ्यासकास रंजक वाटेल.) ‘जैविक औषधे’ या सरसकट नावात हा भेद बुडून जातो.

‘क्वचित’चा मूळ अर्थ ‘कुठेतरी’. युरोपीय औषधपत्रकांत त्याच्या प्रतिशब्दास दहा हजारांत एक ते हजारांत एक, असे निश्चित माप आहे. मराठी वाचक मात्र त्यातून ‘आपल्याला नव्हे’ एवढाच अर्थ घेतो. टीएनएफरोधक औषधांमुळे दृष्टिचेतेचा दाह खरोखरच विरळा होतो. पण दृष्टी एकाएकी मंदावली तर औषध थांबविण्याचा विचार तातडीने करावा लागतो. विरळपणा आणि निकड या भिन्न गोष्टी होत.

सर्वांत घातक गफलत घरगुती बोलीत होते. डोळा लाल झाला की ‘डोळे आले’ म्हणून आपण मोकळे होतो. साथीत डोळे येतात तेव्हा चिपडे धरतात, खाज सुटते. युव्हिआयटिसमध्ये बहुधा एकच डोळा ठणकतो, उजेड सोसवत नाही, दिसणे धूसर होते. दुकानातून आणलेल्या थेंबांवर आठवडा काढला, तर बाहुली मागील भिंगास चिकटते आणि पुढे मोतीबिंदू वा काचबिंदू संभवतो. लहान मुलांच्या संधिवातात तर हा दाह लाली व वेदनेवाचूनही वाढतो. तेथे बोलीपाशी नाव नाही, मुलापाशी तक्रार नाही. ठरावीक मुदतीने केलेल्या नेत्रतपासणीतच तो सापडतो.