दानासाठी खेळलेला जुगार : इस्लामी निषेधाच्या एका अंगाची चिकित्सा

इस्लामने जुगार निषिद्ध मानला आहे हे आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक असते; परंतु तो जुगार कोणता होता आणि त्याचा निषेध कोणत्या कारणास्तव झाला, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. मद्यनिषेधाच्या जोडीने आलेला एक सर्वसामान्य नीतिनियम, एवढ्यावरच आपले समाधान होते. मूळ वचने लक्षपूर्वक पाहिली असता मात्र त्यांतून एक अनपेक्षित गोष्ट हाती येते, आणि ती धर्मगुरू व धर्मशिक्षक या नात्याने आपणांस काहीशी अडचणीत टाकणारी आहे.

कुराणात योजलेला शब्द ‘मैसिर’ हा होय. इस्लामपूर्व अरबस्तानात हा खेळ मुख्यत्वे हिवाळ्यात, टंचाईच्या दिवसांत खेळला जाई. उंट कापून त्याचे वाटे करीत आणि बाण काढून ते वाटे कोणाकडे जातात हे ठरवीत. बाण एकूण दहा. त्यांपैकी सातांवर अनुक्रमे एकापासून सातापर्यंत खुणा असत व तीन कोरे असत. वाटे दहा की अठ्ठावीस, याविषयी जुन्या अरबी ग्रंथकारांत एकवाक्यता नाही. उंटाची किंमत हरणाऱ्यांनी भरावयाची. येथवर हा कोणत्याही जुगारासारखाच जुगार झाला. पण जिंकणारा ते मांस स्वतः खात नसे. गोरगरिबांना वाटून टाकी. जो धनवान असूनही खेळात उतरत नसे त्याची कृपण म्हणून निंदा होई, आणि अरबी कवी आपल्या कुळाची थोरवी गाताना मैसिर खेळल्याचा अभिमानाने उल्लेख करीत. थोडक्यात, हा दानधर्मासाठी खेळला जाणारा जुगार होता.

हे ध्यानात ठेवून दुसऱ्या सूऱ्यातील २१९ वे वचन वाचावे. मद्य आणि मैसिर यांत मोठे पाप आहे, लोकांना काही लाभही आहेत, पण पाप लाभाहून मोठे आहे, असा त्याचा आशय. लाभाची ही कबुली अनेक वाचकांना बुचकळ्यात टाकते. जुन्या भाष्यकारांनी मात्र गरिबांना मिळणारे मांस हा त्या लाभांपैकी एक म्हणून सरळ सांगितला आहे. म्हणजे निषेध करणाऱ्याला खेळाची चांगली बाजू ठाऊक नव्हती असे नाही; ती तोलूनच निर्णय झाला. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, त्याच वचनात पुढे, दान काय करावे, असा प्रश्न येतो व उत्तर मिळते की, गरजेहून जे अधिक असेल ते. मैसिर आणि दान हे दोन विषय एका वचनात शेजारी यावेत हा माझ्या मते योगायोग नव्हे. दानाला आता पैजेचे निमित्त उरत नाही.

निषेधाची कारणे पाचव्या सूऱ्यात (९०–९१) येतात. ती दोन आहेत : मद्य व जुगार यांच्याद्वारे सैतान माणसामाणसांत वैर आणि द्वेष पेरतो, आणि ईश्वरस्मरणापासून व प्रार्थनेपासून परावृत्त करतो. द्रव्यहानीचा येथे उल्लेखही नाही. आपण जुगाराविरुद्ध बोलताना पहिल्या वाक्यातच घरदार विकल्याच्या कथेकडे वळतो. हे वचन वळत नाही.

विसाव्या शतकातील विवेचकांत युसूफ अल्-करदावी (मृत्यू २०२२) यांचा विहित व निषिद्ध या विषयावरील १९६० चा ग्रंथ बहुश्रुत आहे. हरणाऱ्याच्या शांत मुद्रेखाली क्रोध आणि पश्चात्ताप धुमसत असतात, हे त्यांचे निरीक्षण सूक्ष्म आहे. द्यूतसभेची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. सत्कार्यासाठी काढलेली सोडतही त्यांनी निषिद्धच ठरविली आहे. परंतु मुसलमानाने दैवावर नव्हे तर कष्टांवर विसंबावे, हा त्यांचा दुसरा युक्तिवाद मला दुबळा वाटतो. चिठ्ठ्या टाकणे इस्लामलाही वर्ज्य नाही : योनाच्या व मरियेच्या कथांत कुराण स्वतः त्याचा निर्देश करते, आणि प्रवासात कोणत्या पत्नीने सोबत यावे हे पैगंबर चिठ्ठ्यांनी ठरवीत, अशी परंपरा आहे. आपल्याकडे मत्थियाची निवडही तशीच झाली (प्रेषितांची कृत्ये १:२६). दोष यदृच्छेत नाही, तर एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीवर उभा करणाऱ्या पणात आहे. इस्लामी विधिशास्त्राने हा भेद अचूक ओळखला आहे. घोड्यांच्या शर्यतीत तिऱ्हाइताने दिलेले बक्षीस त्यात चालते, परस्परांचा पण चालत नाही.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. वचनाचा शेवट, आता तुम्ही थांबाल ना, अशा प्रश्नाने होतो. ज्याची थांबण्याची शक्तीच खचली आहे त्याचे काय? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये या व्यसनाला रोगांच्या यादीत स्थान दिले. हदीसमध्ये, ‘ये, जुगार खेळू’ असे नुसते म्हणणाऱ्याने दान करावे अशी आज्ञा आहे. ती सुंदर आहे, पण निरोगी मनुष्यासाठी आहे.

आणि आपण? सुमारे ३०५ सालच्या एल्व्हिरा येथील धर्मसभेने फासे खेळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवले. सुधारल्यास वर्षभराने परत घ्यावे असे म्हटले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाने (परिच्छेद २४१३) यदृच्छेचे खेळ स्वतःहून न्यायविरोधी नाहीत, निर्वाहाला आवश्यक ते हिरावले गेले तर मात्र अग्राह्य, अशी कसोटी लावली. ही कसोटी खेळणाऱ्याच्या घरात डोकावते. समोर बसलेल्या प्रतिपक्ष्याच्या मनात डोकावत नाही. गोव्यात १९७६ च्या जुगारबंदी कायद्याला १९९२ व १९९६ मध्ये अपवाद जोडले गेले आणि मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी राहिली. त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्या व्यासपीठावर, छपराच्या दुरुस्तीसाठी तांबोल्याची तिकिटेही विकली जातात. रक्कम क्षुल्लक हे खरे. मैसिरचे मांसही गरिबांकडेच जात होते.

मुस्लिम परंपरेतही या प्रश्नाचा एक धागा सुटा राहिला आहे. बायझंटाइन ख्रिस्ती सैन्य इराण्यांवर पुन्हा विजय मिळवील, या भाकितावर (सूरा ३०) अबू बकर यांनी मक्केतील मूर्तिपूजकांशी उंटांची पैज मारली व ती जिंकली, असे परंपरा सांगते. त्यातील एका कथेनुसार पैगंबरांनी ते उंट दान करण्यास सांगितले. पैज निषेधापूर्वीची होती असे बहुतेकांचे म्हणणे. हनफी पंडितांनी मात्र तिच्या आधारे परकीय प्रदेशातील व्यवहारासाठी एक सवलत काढली, आणि इतर पंथांनी ती नाकारली.