भयकथा आणि क्रूस

दौलतगंजातील एका मराठी घरी गृहभेटीस गेलो असता, फडताळात पवित्र शास्त्राशेजारी नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ ही कादंबरी दिसली. घरच्या माउलीने ती लगबगीने दूर सारली. हा संकोच आपणच निर्माण केलेला आहे. भयकथा म्हणजे अंधश्रद्धेचे खाद्य, असा निवाडा आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक बहुधा न वाचताच देतो.

विद्यापीठीय समीक्षेने तो निवाडा केव्हाच मागे टाकला आहे. मनात दडपलेले परिचितच अनोळखी रूपाने परतते व भिववते, असे फ्रॉइड यांनी १९१९ मधील निबंधात मांडले. डेव्हिड पंटर यांनी १९८० मध्ये भयसाहित्याचा इतिहास लिहिताना त्यामागील सामाजिक ताणही उलगडले. हे विवेचन मोलाचे खरे. परंतु भय कोठून येते, यावरच त्याचा भर आहे. भयातून सोडवणारा कोण, हा कथेचा स्वतःचा प्रश्न त्यात मागे पडतो.

तो प्रश्न आपला आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) पवित्र भाकर पिशाचाचे थडगे बंद करण्यास वापरली जाते, साक्रामेंताचे जणू शस्त्र होते. ‘लुचाई’ ज्या कादंबरीवर बेतलेली आहे, त्या स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’मध्ये (१९७५) मात्र फादर कॅलहॅन यांच्या हातातील क्रूस आधी तेजाळतो. तो टाकून केवळ श्रद्धेच्या बळावर समोर ये, असे पिशाच आव्हान देते. फादर कचरतात आणि क्रूसाचे तेज मावळते. त्यांची भिस्त प्रभूवर नव्हती, हातातील वस्तूवर होती. श्रद्धा आणि ताईत यांतील भेद एका रंजक कादंबरीने इतक्या स्पष्टपणे दाखवावा, हे आपणांस अंतर्मुख करणारे आहे.

निघताना त्या माउलीने विचारले, “फादर, घरात क्रूस आहे, तरी रात्री भय का वाटते?” मी तीर्थ शिंपडले, आशीर्वाद दिला आणि परतलो. कॅलहॅन यांच्याहून मी निराळे काय केले?

लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात शिष्यांना पुनरुत्थित प्रभू भूत वाटला. त्याने त्यांना आपले हातपाय दाखवले, खावयास मागितले व त्यांच्यासमोर तो जेवला. भयभीतांच्या घरी आपणही प्रथम बसावयास शिकले पाहिजे.